दाताखाली आलं की तळाला बसलं

माझ्या गिरणीतलं पीठ लोक बोटांत चोळून बघतात. नामदेवअण्णा ते दाताखाली धरतात, डोळे मिटतात आणि ऐन बाजाराच्या दिवशी ओरडतात, "भरड हाय! तळाला बसंल!" लगेच बाकीची गिऱ्हाइकं आपापले डबे उघडून बघतात. धंदा बुडवायला असा एक माणूस पुरे!

अण्णांची सगळी नोकरी तेलाच्या विहिरींवर गेली. काम काय, तर चिखल कालवणं. आमचं अख्खं धारूर हसायचं.

"हसू नगा," अण्णा तावातावानं सांगायचे. "विहीर खोदताना आत चिखल वजनदारच लागतो, न्हाईतर खालचा गॅस उसळतो. म्हनून त्यात जड दगडाची पावडर. ती भरड पडली तर तळाला बसती, वरचा चिखल हलका पडतो. लईच बारीक दळली तर समदं पिठल्यावानी घट्ट, पंप कन्हतो!" हळद असो की रांगोळी, दिसेल ती भुकटी ते पाण्यात ढवळून घड्याळ लावून बसतात.

यंदा काकूंना, म्हणजे अण्णांच्या बायकोला, लकवा झाला. वाचा गेली, गिळणं अवघड झालं. डॉक्टरांनी बजावलं, पातळ दिलं तर ठसका लागेल, घट्ट दिलं तर अडकेल. आठवड्यात तोंडानं काही गेलं नाही, तर नाकातून नळी.

अण्णा ज्वारी घेऊन धावत आले. आंबील करायची होती. पहिलं पीठ तळाला बसलं, वर नुसतं पाणी. मी गिरणीचे दगड आवळले, तर दुसऱ्याची खळ झाली. "आजून एकडाव, भाऊ!" मी वैतागलो, पण खरं सांगतो, मलाही चेव चढला होता. सहाव्या खेपेला अण्णांनी पीठ दाताखाली धरलं, मान डोलावली आणि मला हाताला धरून घरी घेऊन गेले.

पेल्यातली आंबील अर्धा तास जशीच्या तशी. तळाला कण नाही, वर पाणी नाही! अण्णांनी काकूंच्या ओठांना चमचा लावला. घोट खाली गेला. ठसका नाही! दुसरा गेला. तिसऱ्याला काकूंनी तोंड वाकडं केलं आणि ओठ जुळवत जुळवत म्हणाल्या, "अळनी... हाय."

मीठ कुणाच्या ध्यानातच नव्हतं. अण्णा दारात धावले, "बोलली! अळनी हाय म्हनली!" सगळी गल्ली गोळा झाली.

मग ते आत येऊन मीठ शोधू लागले. ते कुठं असतं, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. काकूंनी धड हातानं फडताळ दाखवलं.

"जलमभर बाहेर ऱ्हायलो, भाऊ," मिठाचा डबा छातीशी धरून अण्णा हळूच म्हणाले. "तिनं नावं ठेवावी, आसं कवा काय करूनच घातलं न्हाई."