चंद्राचा अर्धा पत्ता

कॉम्प्युटरच्या सी भाषेत आकड्याचा पत्ता करावा तर मीच, असं मी आमच्या तारांगणात सगळ्यांना ऐकवून ठेवलं होतं. आत्याला तर दोनदा! ती तिथली निवेदिका. तीस वर्षं अंधारात लोकांना आकाश दाखवणारी. त्या संध्याकाळी तिचा शेवटचा खेळ होता, आणि त्याच आठवड्यात नवा कॉम्प्युटर आला होता.

चंद्राचं चित्र मेमरीत कुठे आहे, तो पत्ता माझा प्रोग्राम साध्या int मध्ये, म्हणजे ठरावीक मापाच्या खणात, आकडा म्हणून ठेवायचा आणि वेळ आली की त्या आकड्याचा पुन्हा पॉइंटर, म्हणजे पत्ता, करायचा. जुन्या मशीनवर दोन्हींचं माप एकच. नव्यावर पत्ता दुप्पट लांब! प्रोग्राम तपासून मशीनच्या भाषेत नेणारा कंपायलर कुरकुरला, ‘मापं जुळत नाहीत.’ मी आणखी एक कास्ट, म्हणजे ‘सांगतो तसंच मान’ असा हुकूम, टाकून त्याचं तोंड बंद केलं.

"सगळं ठीक आहे ना रे?" आत्यानं विचारलं.

"आत्या, तू डोळे मिटून बोल!"

ती खरंच डोळे मिटून बोलायची. दिवे मंदावले, तारे उमटले, दोनशे माणसं लोण्यासारखी खुर्च्यांत विरघळली.

"आता पूर्वेला पाहा," आत्या कुजबुजली. "तो बोलावतोय. अलगद त्याच्यामागे जा..."

पूर्वेला उगवला भलाथोरला हिरवा बाण! खाली अक्षरं : ‘बाहेर जाण्याचा मार्ग’. पत्त्याचा अर्धा भाग कापला गेला होता आणि उरलेला अर्धा नेमका खेळ संपल्यावर दाखवायच्या पाटीवर जाऊन बसला होता!

लोक उठले. झोपेत चालावं तसे, पाय न वाजवता, रांगेनं बाहेर! मी घामाघूम. int खोडलं, अख्खा पत्ता मावेल असं uintptr_t लिहिलं, प्रोग्राम पुन्हा सुरू केला. चंद्र उगवला. गोल, गुटगुटीत! समोर दोनशे रिकाम्या खुर्च्या.

आत्यानं डोळे उघडले. "अरे, माणसं कुठायत?"

"तूच... पाठवलंस त्यांना."

आम्ही धावत बाहेर आलो. सगळे हिरवळीवर माना वर करून उभे! पाण्याच्या टाकीमागून खराखुरा चंद्र वर येत होता. आत्या माइकशिवायच पुढचं वाक्य बोलली. कुणी हललं नाही. शेवटी टाळ्या थांबेनात, आणि आत्याचे डोळे भरून आले.

"खोट्या आकाशातून खऱ्यात आणलंत!" एक आजोबा म्हणाले. "कल्पना कुणाची?"

आत्यानं मला पुढे ढकललं. "माझ्या भाच्याची!"

मी खरं सांगणारच होतो हो! पण तोंडातून निघालं, "वर्षभर खपत होतो."