राजमहेंद्रीच्या जांभळ्या दोरीची मोहीम

श्री. भिंतीवरून पुढेमागे तंटा उपस्थित झाल्यास दाखला असावा, सबब गोदातीरी राजमहेंद्री मुक्कामी संक्रांतीचे सुमारास घडलेले वर्तमान जैसे घडले तैसे लिहिले आहे. पदरचे काही घातले नाही.

त्या मुलखी संक्रांत सरताना बायका दारोदारी पिठाचा रथ रेखितात आणि त्याची दोरी शेजारणीचे रथास नेऊन भिडवितात, आणि मग गल्लीभर एकच दोरी होते. गतवर्षी कनकदुर्गागारूंनी (त्या मुलखी नावापुढे मानाने गारू लावितात) शेजारच्या भ्रमरांबागारूंचे रथाच्या चाकांस करपले डोसे म्हटले, आणि दोरी त्या दोन दारांमध्ये तुटली. तेव्हापासून भिंतीस भिंत असता उभय दौलतींचे बोलणे बंद.

यंदा कनकदुर्गागारूंचे नणंदेचा नवरा, घरचा नवा जावई, लग्नानंतरचे पहिल्या सणास येणार, गाडी उद्या सकाळची, सबब घरास रंग दिला होता. दुपारी सारी फौज अरिसेलू, म्हणजे त्या मुलखीचे अनारसे, तळण्यात गुंतली असता साहेबजादी वेन्नेला, उमर वर्षे चार, यांनी जांभळा मेणखडू हाती घेतला आणि दिवाणखान्याचे भिंतीवर रथ उभा केला. मग दोरी शेजारी गेलीच पाहिजे म्हणोन ती ओसरीवरून भ्रमरांबागारूंचे नव्या पिवळ्या भिंतीवर, थेट त्यांचे दारी पोचती केली.

कनकदुर्गागारू ओले फडके घेऊन चालून गेल्या. मेण पाण्यास जुमानीना. भिंतीचा रंग मात्र शरण आला. मग खोबरेलाची तजवीज केली. रेघ फिकटली, आणि तेलाचा डाग ठाणे देऊन बसला. इतक्यात भ्रमरांबागारू बाहेर आल्या.

“काय गं दुर्गा, तुझ्या पोरीनं माझ्या दारात रथ बांधलाय का म्हैस?”

“चाकं तरी गोल आहेत!” कनकदुर्गागारू बोलून गेल्या आणि तत्क्षणी पस्तावल्या, कारण हे भांडण उद्या जावयाचे कानी पडणे म्हणजे सासुरवाडीची अब्रू जाणे.

तेव्हा वेन्नेलाची आजी, थोरल्या सरकार, यांचा हुकूम सुटला की, रथाची दोरी मधोमध तोडू नये, दोघींनी दोन टोकांकडून पुशीत यावे, आणि जी भांडेल तिला अरिसेलू बंद.

भ्रमरांबागारू निमूट आत गेल्या आणि इस्त्री व कोरे कागद घेऊन परतल्या.

“मेणाला पाणी काय पाजतेस? ऊब दे.”

मग कागद भिंतीस लावून वर कोमट इस्त्री फिरविता मेण वितळले आणि कागदाने पिऊन टाकले, आणि उरला रंग व तेल पांढऱ्या मंजनाने हटले. कनकदुर्गागारूंनीही घरची इस्त्री आणिली; दोघी दोन इस्त्र्या चालवीत निघाल्या आणि ओसरीचे मध्यावर समोरासमोर आल्या. वीतभर दोरी उरली. तेथे दोन्ही फौजा थबकल्या; शेवटली वीत पुसणार ती दोरी तोडणारी ठरणार.



“आधी खाली पिठाची काढ,” भ्रमरांबागारू म्हणाल्या. “मग वरची पुसू.”

कनकदुर्गागारूंनी चिमटीत पीठ घेऊन आपले उंबऱ्यापासून त्यांचे उंबऱ्यापर्यंत जमिनीवर दोरी ओढिली.

“वाकडी आहे.”

“अक्का!”

“असू दे. पोचली ना.”

मग वीत पुसली, आणि भिंत फत्ते जाहली.

नुकसानी एकच. कागदातून झिरपले मेण कनकदुर्गागारूंचे इस्त्रीचे तळास राहिले, आणि ते कोणाचे ध्यानी न येता जावयास द्यावयाचे पांढरे धोतर सकाळी त्याच इस्त्रीखालून निघाले. जावई धोतर नेसून बाहेर आले आणि खाली पाहू लागले.

“ही जांभळी रेघ कसली?”

“उप्पाड्याच्या विणकरांची नवी किनार!” दोघी एकदम म्हणाल्या.

येणेप्रमाणे उभय दौलतींचा शब्दास शब्द वर्षात प्रथमच जुळला. भिंतीवर आता काही नाही. संशय असल्यास येऊन पाहावे. धोतराविषयी विचारू नये.