रंगनाथकाकांचा नेम

आमच्या गल्लीत वारा किती वेगानं वाहतो हे जाणून घ्यायची गरज आजवर कुणालाच पडली नव्हती. नांदेडचा वारा, तो असून नसून सारखाच. पण रंगनाथकाका कोटगिरे घराबाहेर पडायच्या आधी फोन डोक्याच्या वर धरून चारी दिशांना फिरवतात, वाऱ्याचा वेग बघतात, हवेचा दाब बघतात आणि मग पिठाच्या गिरणीवर जातात. हा सरावाचा भाग आहे, असं त्यांचं म्हणणं. काका नेमबाज आहेत. एअर रायफलनं दहा मीटरवरच्या टार्गेटवर छर्रे मारतात. ही दहा मीटरची नेमबाजी बंद हॉलमध्ये होते, तिथं वारा औषधालासुद्धा नसतो, हे मी त्यांना एकदा सांगून पाहिलं.

"बाई, वारा न्हाई, हे तरी मोजल्याबिगर कसं कळंल?" ते म्हणाले.

मी शाळेत गणित शिकवते. असल्या युक्तिवादाला काय उत्तर द्यायचं हे आम्हाला बी.एड.ला शिकवत नाहीत.

काका निवृत्त भूकरमापक. म्हणजे सरकारी मोजणी करून शेताच्या हद्दी ठरवणारे. भोकर आणि मुदखेड तालुक्यातल्या कितीतरी भावाभावांची बोलचाल त्यांनी ठोकलेल्या खुणांमुळे बंद झाली आहे, आणि याचा त्यांना रास्त अभिमान आहे. नोकरीत असताना त्यांनी बंदूक हातात धरली नव्हती. निवृत्तीनंतर एकदा टीव्हीवर त्यांनी नेमबाजीचा सामना पाहिला. दशांश चिन्हाच्या पुढच्या आकड्यावरून एकाचं पदक गेलं आणि दुसऱ्याला मिळालं. हा खेळ आपल्यासाठीच निघाला असून आपल्याला कुणी कळवलं नाही, असं त्यांना वाटलं.

अडचण एवढीच होती की दहा मीटर त्यांच्या घरात मावत नव्हते. मोजणी करणाऱ्या माणसानं टेप लावल्यावर लबाडीला वावच उरत नाही. शेवटी काका पुढच्या व्हरांड्यात उभे राहायला लागले. छर्रा तिथून निघतो, बैठकीतून आणि स्वयंपाकघरातून जातो आणि परसातल्या भिंतीपाशी, जुन्या चिंध्या भरलेल्या खोक्यावर चिकटवलेल्या टार्गेटवर पोचतो. काका "रेंज चालू" म्हणून ओरडले की घराचे दोन तुकडे होतात. जो जिथं असेल तो तिथं. पद्माकाकू फ्रिजच्या बाजूला अडकल्या तर गॅसच्या बाजूची भाजी करपते. मी एकदा विरजण मागायला गेले आणि "रेंज बंद" होईपर्यंत त्यांच्या देवघरापाशी उभी राहिले. तेवढ्यात माझं अथर्वशीर्ष म्हणून झालं.

आता ॲपं. काकांच्या फोनमध्ये नातेवाइकांचे नंबर कमी आणि नेमबाजीची ॲपं जास्त आहेत. एक ॲप लांब पल्ल्याच्या बंदुकीसाठी आहे, म्हणजे गोळी दोन शेतं ओलांडून जाणार असेल तर कुठं रोखायचं ते सांगणारं. त्यात काका गावाची उंची, तापमान, छऱ्याचं वजन, एवढंच काय, पृथ्वी स्वतःभोवती फिरते त्याचाही हिशेब भरतात. ॲप विचार करतं आणि दहा मीटरसाठी दुरुस्ती सांगतं, शून्य. काका समाधानानं मान डोलवतात. शून्य तर मीही सांगितलं असतं, असं मी म्हटलं तर म्हणाले, तुमचं शून्य अंदाजपंचे, हे हिशेबानं आलेलं हाय.

दुसरं ॲप स्पर्धेतल्यासारखे हुकूम सोडतं. त्यात कुणी परदेशी बाई इंग्रजीत "लोड" म्हणते, "स्टार्ट" म्हणते, वेळ संपली की "स्टॉप" म्हणते. काका तिला गोरीबाई म्हणतात. घरात त्यांनी आजवर दुसऱ्या कुणाचं इतकं निमूट ऐकलेलं नाही.

तिसरं ॲप हाताची थरथर मोजतं. फोन रबरानं नळीला बांधायचा, नेम धरायचा, की पडद्यावर लाल रेघ उमटते. हात जितका हलेल तितकी रेघ वेडीवाकडी, आणि खाली दहापैकी गुण. फोन दोन असतील तर एक हाताला बांधायचा, रेघ आणि गुण फक्त दुसऱ्यावर, कोचला दिसतात. ही रेघ पाहून काका काल काय खाल्लं ते ओळखतात. ठेच्याची रेघ वेगळी, वांग्याच्या भाजीची वेगळी. त्या रेघेपायी त्यांनी चहा सोडला, मग ठेचा सोडला, आणि एका मुंजीत शेजारच्या पंगतीत भांडण लागलं तर मान वळवून बघायचंसुद्धा सोडलं. नाडी वाढते म्हणे.

पण सगळ्यांत मानाचं ॲप गुण मोजायचं. टार्गेटचा फोटो काढला की ते नऊ पॉइंट नऊ किंवा दहा पॉइंट एक असा निकाल देतं. काकांना निकाल पटला नाही तर ते त्या परदेशी कंपनीला हरकत अर्ज पाठवतात. मायना मी वाचला आहे. महोदय, विषय अमुक तारखेच्या नऊ पॉइंट नऊबाबत हरकत, उपरोक्त विषयी सविनय सादर की. तिकडून कुठलंतरी यंत्र इंग्रजीत आभार मानतं. काका म्हणतात, पोच मिळाली, आता चौकशी लागंल. एकदा मी म्हटलं, काका, नऊ पॉइंट नऊ म्हणजे दहाच की हो. माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, जणू मी कुणाचा तरी बांध कोरला होता. "तुमच्यासारख्या बाया गणित शिकवून राहिल्या म्हणून कोर्टात दावे पडून राहिले," असं म्हणाले.

आणि तो फोनचा प्रकार. छर्रा न भरता सराव करायचंही एक ॲप असतं. फोन समोर टांगायचा, पडद्यावर टार्गेट दिसतं, त्यावर नुसता नेम धरून घोडा दाबायचा. काकांनी परसात फोन टांगला, श्वास धरला, घोडा दाबला. नळीत आदल्या सरावाचा छर्रा राहिला होता. फोनच्या नेमक्या मधोमध भोक पडलं. इतका सुरेख नेम त्यांना आयुष्यात साधला नव्हता, आणि तो मोजणारं ॲप त्याच फोनमध्ये होतं. काका दोन दिवस जेवले नाहीत असं काकूंनी सांगितलं. फोन गेला म्हणून नव्हे, नोंद झाली नाही म्हणून.

या पद्माकाकूंबद्दल सांगायला हवं. बोलक्या बाई. पूर्वी गल्लीतलं कुठलंही हळदीकुंकू त्यांच्याशिवाय पार पडत नसे. गेल्या काही काळापासून त्यांचा उजवा हात थरथरतो. भोकरला एका लग्नात त्यांच्या हातून चहा सांडला, विहीणबाईंच्या नव्या शालूवर. कुणीतरी हसलं. त्या दिवसापासून काकूंनी घराबाहेर पडणंच बंद केलं. डॉक्टरांनी औषध दिलं, रोज हाताचा व्यायाम सांगितला. औषध त्या घेतात. व्यायामाचं नाव काढलं की, आता काय हाताला पदक मिळवायचं हाय का, म्हणत.

यंदा काकांनी लातूरच्या विभागीय स्पर्धेत ज्येष्ठांच्या गटात नाव दिलं. दरवर्षीच देतात आणि दरवर्षी थोडक्यात हुकतात. या खेपेला मात्र ते हट्टाला पेटले होते. कारण काकूंनीच मला सांगितलं, पदराखाली हात धरून, हसत.

"हे म्हनले, मी राज्य स्पर्धेला पात्र ठरलो तर तू संगं पुण्याला यायचं. मी म्हनलं हाव. ह्यांचा नेम मला ठावं हाय."

म्हणजे काका पात्र ठरले तर काकू घराबाहेर पडणार. नाही ठरले तर सुटल्या. मी हे ऐकून हसले, पण काका त्या दिवसांत वाऱ्याचा वेग दोनदोनदा मोजत होते.

माझं माहेर लातूरचं. स्पर्धेच्या दिवशी मी तिकडे निघालेच होते, तर काका रायफलची पेटी घेऊन माझ्या गाडीत बसले. लातूर येईपर्यंत त्यांनी मला गाडीचा वेग एकसारखा ठेवायला सांगितलं, कारण फोनमध्ये नाडी मोजणं चालू होतं.

हॉलच्या दारात पंचांनी सांगितलं, फायरिंग लाइनवर फोन चालणार नाही. काका थिजले. त्यांनी तोंडी हरकत घेतली. ती फेटाळली गेली. लेखी घेऊ का विचारलं, तर पंच म्हणाले, घ्या, पण तोपर्यंत तुमची फेरी संपलेली असेल. शेवटी पाळण्यातलं मूल सोपवावं तसा त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि नुसती रायफल घेऊन आत गेले. मी मागच्या बाकावर बसले.

नवल म्हणजे काका उत्तम मारत होते. गोरीबाई नाही, लाल रेघ नाही, तरीही परत येणाऱ्या टार्गेटच्या कार्डांवरची भोकं मधोमध पडत होती. त्यांच्या डाव्या हाताला मुरुडचे एक सोयाबीनचे व्यापारी होते, पोटावर रायफलचा दस्ता टेकवून जांभया देणारे. शेवटची काही कार्डं उरली तेव्हा मला खात्री वाटायला लागली की काकूंना पुण्याची बॅग भरावी लागणार.

आणि मग काकांचं एक कार्ड कोरं परत आलं. एकही भोक नाही. पंच धावले. शेजारी मुरुडकरांच्या कार्डावर दोन भोकं होती.

घरी सरावाला नळीवर काकूंचा फोन बांधलेला असतो आणि काकांचा डाव्या हाताला स्टँडवर. छर्रा सुटला की डावीकडे मान, रेघ बघायची, मग पुन्हा नेम. आज फोन नव्हता, पण मान सवयीनं डावीकडे गेली, तिकडे जे टार्गेट दिसलं त्यावर डोळा बसला आणि काकांनी शेजाऱ्याचं टार्गेट फोडलं. नियम असा की काकांना शून्य. मुरुडकरांच्या कार्डावरचं कुठलं भोक कुणाचं ते सांगता येईना, म्हणून दोन्हींतलं चांगलं त्यांच्या नावावर. चांगलं अर्थात काकांचंच होतं. मुरुडचे व्यापारी पात्र ठरले. काका त्या एका छऱ्यानं हुकले. जन्मभर दुसऱ्यांची अतिक्रमणं मोजणाऱ्या माणसानं शेजाऱ्याच्या हद्दीत आपला सगळ्यांत चांगला छर्रा नेऊन टाकला होता.

आता हरकत अर्ज येणार, म्हणून मी पर्समधून पेनही काढून ठेवलं. काका येऊन बाकावर बसले.

"हरकत कशाची? हद्द मीच ओलांडली," म्हणाले आणि फोन मागितला. वेळ बघितली. "तिची वेळ झाली."

त्यांनी घरी फोन लावला, स्पीकरवर. तिकडे काकूंनी आपला फोन रबरानं मनगटावर बांधला असावा, कारण इकडे काकांच्या पडद्यावर लाल रेघ सुरू झाली. तीच नेमबाजीची. काकू पाण्याचा पेला हातात धरून उभ्या असणार, आणि काका हळू आवाजात हुकूम देत होते, उचल, धर, श्वास सोड, ठेव. व्यायामाला तयार नसलेल्या बायकोला या माणसानं स्पर्धेला उभं केलं होतं. रेघ मात्र पाहवत नव्हती. वर जात होती, खाली कोसळत होती. शेवटी आकडा आला, चार पॉइंट सहा.

"नऊ पॉइंट आठ," काका म्हणाले. "कालच्यापरीस बरं हाय."

एका दशांशासाठी परदेशी अर्ज पाठवणारा माणूस पाच गुणांची थाप मारत होता, आणि चेहऱ्यावर काही दिसू देत नव्हता. मी पडद्याकडे पाहते आहे हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांनी तो हातानं झाकला.

"तुमचं किती आलं?" काकूंनी विचारलं.

"तुझ्यापरीस कमी."

मग त्यांनी घडलं तसं सगळं सांगितलं, मुरुडकरांच्या जांभयांसकट. पलीकडे काकू हसायला लागल्या. कितीतरी दिवसांनी मी त्यांना असं मोकळं हसताना ऐकत होते.

"पुढल्या खेपेला मी येते लातूरला," हसू आवरल्यावर त्या म्हणाल्या. "मागं बसते. तुमचं टार्गेट कोणतं, ते सांगायला कुणी तरी पायजे."

काकांचा विश्वास बसेना. "पात्र ठरलो तर यायचं ठरलं व्हतं," ते म्हणाले. बायको आपण होऊन बाहेर पडायला निघाली होती आणि हा माणूस तिला ठरावातली अट दाखवत होता.

"ते ऱ्हाऊ द्या तुमचं ठरलेलं. मी येते म्हनलं ना."

"हाव," काका म्हणाले.

हॉल रिकामा झाला होता. बक्षिसं वाटून पंच निघून गेले होते. मी चला म्हटलं तर काका ऐकायला जागेवर नव्हते. ते प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर एकेक करून बसून बघत होते. एका खुर्चीतून खांब आड येत होता. दुसरीवर पंखा नव्हता. तिसरीवर ते बराच वेळ बसले, उजव्या बाजूला हात टेकायला जागा आहे का ते चाचपलं आणि समोरच्या टार्गेटच्या रांगेकडे नजर लावली. फोन माझ्याशेजारी बाकावर पडला होता.