भूपालअण्णांची स्वीडनची सोयरीक

तिकडे युरोपात दोन रेल्वे कंपन्या एक झाल्या म्हणून इकडे कोल्हापुरात पेढे वाटणारा माणूस मी एकच पाहिला. भूपालअण्णा. त्यांची उद्यमनगरात फौंड्री, माझं शाहूपुरीत टायपिंगचं दुकान. नव्वदच्या दशकात त्यांची इंग्रजी पत्रं मीच टाइप करायचो, त्यामुळे पहिला पेढा माझा.

अण्णांकडचे लोखंडी ठोकळे पुण्याच्या एका व्यापाऱ्यामार्फत रेल्वे आणि ट्राम बनवणाऱ्या त्या परदेशी कंपनीकडे जायचे. तेवढ्यावर अण्णा कंपनीच्या घरचे झाले. दुकानात कुणी अनोळखी बसलेला दिसला की विचारायचे, "पावणं, ट्राम बघितलीसा का कवा?" त्यांनीही बघितली नव्हती. भर रस्त्यात ट्रामला म्हशी आडव्या आल्या तर कंपनी काय करते, हे विचारणारं पत्र मी स्वतः टाइप केलंय. उत्तर आलं नाही.

कंपनीचा इतिहास ते भावकीच्या भाषेत सांगत. "थोरलं घर स्वीडनचं. त्येनी आदी स्विसांशी सोयरीक केली. आन् आता जर्मनांची लेक घरात आली की! पिढ्यान् पिढ्या एकमेकाचं गिऱ्हाईक पळवत हुती ही माणसं. आज एका ताटात जेवत्यात!"

सोयरीक म्हटली की आहेर आलाच. अण्णांनी जर्मनीला पार्सल धाडलं. मोठ्या साहेबाला फेटा, साहेबिणीला इरकल लुगडं. काही दिवसांनी पार्सल परत आलं. सोबत चिठ्ठी, की माल ड्रॉइंगप्रमाणे नाही, सबब नापास.

"मानपानात रुसवंफुगवं असत्यातच," अण्णा म्हणाले.

या माणसाचा सख्खा धाकटा भाऊ, जिनगोंडा, भिंतीपलीकडे होता. एकाच फौंड्रीची वाटणी झाली, मधे भिंत आली आणि बोलणं बंद झालं ते वर्षानुवर्षं. जर्मनांचं स्विसांशी कसं जमतं हे सांगणारे अण्णा पलीकडची भट्टी पेटल्याचा आवाज आला की उठून आपल्या भट्टीकडे जायचे. मला वाईट वाटायचं, पण तो विषय काढायची माझी टाप नव्हती.

पुढे ते सगळं एकत्र कुटुंब एका कॅनडाच्या कंपनीनं विकत घेतलं. अण्णांनी सुतक पाळलं. ते फिटल्यावर फेटा बांधून दुकानात हजर.

"नव्या घरानं दुप्पट माल मागितलाय. माझ्या एका भट्टीचं काम न्हवं. दुसरी पलीकडं हाय. मध्यस्थ म्हणून चला."

"अण्णा, भाऊ तुमचाच. मध्यस्थ कशाला?"

"सोयरिकीला आपण हून तोंड उघडत्यात व्हय?"

भिंतीच्या या बाजूनं त्या बाजूला जायला आम्ही भाड्याची मोटार केली. जिनगोंडा फाटकात आले. मी घसा साफ करतोय तोवर अण्णांनीच सुरुवात केली, तीही स्वीडनपासून. स्विस झाले, जर्मन झाले, कॅनडा झाला. मूळ मागणं तेवढं तोंडातून निघेना.

जिनगोंडांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्या कंपनीचं ऱ्हाऊ दे, आण्णा. तुमी कसं हाईसा?"

अण्णांची बायको, आमच्या वहिनी, वारल्यापासून हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि भर दुपारी, दोन्हीकडच्या कामगारांसमोर, फाटकाला धरून ते लहान पोरासारखे रडले.