आधी माघार कोणी घेतली

कचेरीतल्या एकमेव पंख्याचे तोंड कोणत्या दिशेला असावे, या प्रश्नावरून ड्राफ्ट्समन आणि कॅशियरबाई यांचे संबंध एका सकाळी बिघडले. पंखा फिरला की ड्राफ्ट्समनचे नकाशे उडत आणि थांबला की बाईंचा जीव कासावीस होई. ड्राफ्ट्समन स्वतःला अतिशय शांत माणूस समजत असल्यामुळे त्याने शांतपणे वर, कर्मचाऱ्यांची भांडणे मिटवणाऱ्या समेट कक्षाकडे, तक्रार केली.

दुपारी मात्र त्याला एकट्याला घास उतरेना. इतकी वर्षे त्याच्या डब्यातली भाजी बाई नावे ठेवत ठेवत संपवत आल्या होत्या. शेवटी त्याने उठून आपले टेबल भिंतीकडे सरकवले, बाईंनी पंखा जरासा वळवला आणि दोघे जेवायला बसले.

हे कळताच समेट कक्षात खळबळ उडाली. कक्षाच्या ताब्यात असलेले भांडण परस्पर मिटवणे नियमात बसत नव्हते. टेबल आणि पंखा पूर्ववत करण्यात आले आणि सुनावणीपर्यंत दोघांना एकमेकांशी बोलण्यास मनाई झाली. ड्राफ्ट्समनला वाईट वाटले. पण आपला समजूतदारपणा आता सरकारी पातळीवर सिद्ध होणार, या विचाराने तो आतून सुखावलाही.

सुनावणीत समेट अधिकारी दोघांवर बेहद्द खूश झाले. असा समंजसपणा गौरवलाच पाहिजे, असे ते म्हणाले. प्रशस्तिपत्र मात्र एकच होते.

"आधी माघार कोणी घेतली?" त्यांनी विचारले.

"मी," ड्राफ्ट्समन म्हणाला.

"मी," बाई म्हणाल्या. "पंखा मी वळवला."

"त्याआधी टेबल सरकलं होतं, साहेब. पडतं नेहमी मीच घेतो. यांच्या स्वभावाशी जुळवून घेणं काही सोपं नाही."

"माझ्या स्वभावाशी? अहो, तुमची ती अळणी भाजी इतकी वर्षं कोणी गिळली?"

अधिकाऱ्यांनी समाधानाने प्रकरण दाखल करून घेतले. आता भांडण रीतसर होते. पंखा पुरावा म्हणून जप्त झाला.

त्या दुपारी ड्राफ्ट्समन घाम पुसत एकटाच जेवला. भाजी खरोखरच अळणी होती. समोर बाईंनी डबा उघडून तसाच बंद केला. उठून चार पावले जावे आणि बाईंना तसे सांगून टाकावे, असे त्याला फार वाटले. पण दर वेळी आपणच का म्हणून पडते घ्यायचे? निदान एकदा तरी समोरच्याने घ्यावे, म्हणून तो बसून राहिला.

वाचकहो, तुम्हांला त्याचे म्हणणे पटले असेलच. तुमच्याही कचेरीत पडते घेणारे माणूस एकच आहे, आणि ते कोण, हे तुम्हांला विचारावे लागणार नाही.