राणीचा मुकुट घासला त्याची गोष्ट

सोनेरी काठाचा कप भांडी धुण्याच्या मशीनमध्ये घालायचा नसतो, हे ज्याला माहीत होतं आणि ज्यानं मला सांगितलं नाही, तो खरा गुन्हेगार आहे. मशीन बनवणारे, कप बनवणारे, शाळेत मला विज्ञान शिकवणारे. कुणीतरी तोंड उघडायला हवं होतं.

(सासूबाई बोलल्या होत्या म्हणे. पण त्यांनी 'राणीच्या राज्याची पंचवीस वर्षं' एवढे शब्द उच्चारले आणि मी राजवाड्याच्या खर्चावर सुरू झालो. मी बोलत असताना मला ऐकू येत नाही.)

इंग्लंडात चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या स्टोकमधल्या आमच्या घरात १९७७ सालचा तो कप कपाटात मानानं बसलेला असे. राणीचा छापील चेहरा, सोनेरी मुकुट, काठाला आणि कानाला सोनेरी रेघ. चार वाजता संग्रहालयाच्या टनिक्लिफबाई तो प्रदर्शनासाठी न्यायला येणार होत्या. सासूबाईंनी, म्हणजे ग्लेंडाबाईंनी, त्यासाठी नवा ब्लाउज घेतला होता. (एका राणीसाठी एवढं!) केस सेट करायला निघताना त्या म्हणाल्या, "जावईबापू, कप तेवढा पुसून ठेवा."

राणीला माझ्या हातानं पुसायचं? तत्त्वात बसेना. मशीनमध्ये घातली.

बाहेर आली तेव्हा मुकुट डावीकडून गेलेला. अर्धा मुकुट वाईट दिसतो, म्हणून उजवी बाजू तारेच्या घासणीनं जुळवून घेतली. मग काठ विजोड दिसायला लागला. हाती घेतलेलं काम मी अर्धवट सोडत नाही. दहा मिनिटांत राणी बसची वाट बघणाऱ्या बाईसारखी दिसू लागली.

माझ्या बायकोनं, हेदरनं, आधी कप पाहिला, मग माझ्या कोटावरचा 'राजा नको, राणी नको' हा बिल्ला पाहिला.

"अपघात झाला," मी म्हणालो.

"घासणीनं?"

"चारच्या आत दुसरा आणतो."

"बिल्ला काढून जा."

तत्त्व म्हणून काढला नाही. जुन्या वस्तूंच्या दुकानदारानं बिल्ला वाचला, मला काय हवंय ते ऐकलं आणि म्हणाला, "फोडायलाच हवाय ना? मग तडा गेलेला घ्या, स्वस्त पडेल."

चांगला घेतला. कपाटात ठेवला. चेहरा तोच, मुकुट तोच, मी निर्धास्त. पण मी पडलो कॉव्हेंट्रीचा. सात वर्षं इथे काढूनही विसरलो की स्टोकची माणसं चेहरा बघतच नाहीत. हॉटेलातसुद्धा ती आधी ताटली उलटी करून तळ बघतात, कुणी बनवली ते. टनिक्लिफबाईंनी हातमोजे चढवले आणि सासूबाईंनी कप उलटा केला.

"ही तर मॉरीनची खूण."

"कोण मॉरीन?" मी विचारलं.

"माझ्या शेजारी बसून सोनं लावायची. तिची रेघ कानाशी आली की थरथरते. ही बघा." त्यांनी कप खाली ठेवला. "माझा कुठाय? सतराव्या वर्षी सोनं लावलं होतं मी त्याला. तळाला आमची नुसती खूण असायची, कारखान्यानं नावं कधी कुठे लावली नाहीत. आज पहिल्यांदा लागणार होतं."

मी कामगारांच्या हक्कांवर प्रबंध लिहिला आहे. (दोनशे चाळीस पानं.) राणीचा चेहरा शाबूत होता. मी घासून काढल्या होत्या त्या सासूबाई.

कचऱ्याच्या डब्यामागून कप आणून दिला. टनिक्लिफबाईंनी तो खिडकीशी नेऊन उजेडात तिरपा धरला.

"सोनं गेलंय, पण रेघ कुठून गेली ते दिसतंय. पूर्ण गोल. कुठेच हललेली नाही."

"मॉरीनची हलली असती," सासूबाई म्हणाल्या.

"हाच नेते. पाटीवर तुमचं नाव."

मला इतकं हलकं वाटलं की मी भाषणालाच उभा राहिलो. "न्यायलाच हवा! कष्टाचं काम कसं पुसलं जातं आणि कोण पुसतं, हे लोकांना नावानिशी कळलं पाहिजे."

टनिक्लिफबाईंनी वही उघडली. "पाटीवर आणखी एका ओळीची जागा आहे. तुमचं पूर्ण नाव सांगा."