नाना शिंपी आणि खड्ड्यांची बारशी

आमच्या महाडात खड्ड्याचं बारसं करणारा माणूस एकच, नाना शिंपी. खड्डा पडला की नाना अकरा दिवस वाट बघतात. तोवर कुणी बुजवला तर ठीक, नाहीतर बाराव्या दिवशी गळ्यात टेप घालून हजर. उकिडवे बसून लांबी, रुंदी, खोली घेतात आणि कौतुकानं म्हणतात, "बाळसं धरलंय हो!" मग खड्ड्यात काठी रोवून तिच्यावर लाल कुंची चढवतात, वाकून "कुर्रर्र" करतात आणि जमलेल्यांना घुगऱ्या वाटतात.

स्टँडसमोरचे जुळे म्हणजे लव-कुश. पोलादपूरच्या वाटेवरचा, तो विशाल. तुडीलकडे वळताना एक आहे, तो दोनदा बुजवला आणि दोन्ही वेळा एका सरीत उघडला. नाना म्हणाले, "आजोळी गेला व्हता. करमला नाय त्याला."

एकदा एक रिक्षावाला ओरडला, "नाना, तुमच्या विशालनं माझं चाक चावलं!"

"दात येतायत रे त्याला," नाना शांतपणे म्हणाले.

गावानं त्यांना वेडं ठरवलं. खरं सांगायचं तर गावानं नव्हे, मी. "बायको पडल्यापासून नानांच्या डोक्यावर परिणाम झालाय," हे चहाच्या टपरीवर पहिल्यांदा मीच बोललो. ते आज खोडायचं आहे.

मी रस्त्याच्या कामावर मुकादम होतो. कुठला खड्डा बुजवला, ते वहीत लिहायचं. भाताच्या गिरणीजवळच्या वळणावरचा खड्डा, पाऊस होता म्हणून, मी घरात बसूनच 'बुजवला' असा लिहिला. चौथ्या दिवशी नानांची स्कूटर त्यात गेली. मागे बसलेल्या नानींचा खुबा मोडला. तेव्हापासून त्या घराबाहेर नाहीत. खड्डा मात्र जागच्या जागी. वहीत बुजलेला खड्डा पुन्हा कोण बुजवणार?

त्याला कुंची आहे, नाव नाही. कुणी विचारलं की नाना म्हणायचे, "ह्याचा बाप अजून यायचाय." लोक हसायचे. सगळ्यांत मोठ्यानं मी.

गेल्या आठवड्यात धीर करून त्यांच्या घरी गेलो. नाना खाटेशी बसून सांगत होते, "लव-कुशात हातभर अंतर राहिलंय गो. दिवाळीला एक व्हतील."

"मग एकाचं नाव वाया गेलं की!" नानी खळखळून हसल्या. त्यांच्या मांडीवर लाल कुंची होती, अर्धी शिवलेली. नावंही त्याच ठेवत होत्या. खिडकीतून त्यांना शेजारची भिंत तेवढी दिसते. रस्ता नाना रोज घरी आणत होते.

"लालच कापड बघतो मी," नाना मला म्हणाले. "लांबून दिसला पायजे. परत कुनाची बायको पडाया नको."

मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. वही, पाऊस, टपरी.

नानांनी टेप गुंडाळली. "ठावं हाय. तवा मुकादम तूच व्हतास ना."

नानींनी घुगऱ्यांची वाटी पुढे केली. "लई उशीर केलात, भाऊ. बसा. बाप आला, आता नाव ठेवा."

"नाव नको," मी म्हणालो. "सकाळी घमेलं घेऊन जातो."

नानी म्हणाल्या, "जावा. पन बुजवला म्हनून नुसतं सांगू नका. कुंची आनून दाखवा."

दगड, मुरूम, वरून धुम्मसाचे ठोके. माझ्या वयाला दोन दिवस लागले. कुंची चिखलानं माखली होती. धुऊन दोरीवर टाकली आहे. वाळली की नेऊन देतो.